निवेदकाची साक्ष

खून करणारा माणूस स्वतःच खुनाची हकीकत सांगू लागला, तर ऐकणाऱ्याने त्याच्या किती शब्दांवर विश्वास ठेवावा? हा प्रश्न लघुकथेच्या केंद्रस्थानी आणून बसविण्याचे श्रेय प्रामुख्याने एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन लेखकाला द्यावे लागेल. दैवाचा खेळ असा की, ज्याने वाचकाला निवेदकाचा संशय घ्यावयास शिकविले, त्याचेच चरित्र एका अविश्वसनीय निवेदकाने लिहिले आणि जगाने ते दीर्घकाळ खरे मानले.

पोचा जन्म १९ जानेवारी १८०९ रोजी बोस्टन येथे झाला. आईवडील दोघेही रंगभूमीवरचे कलावंत. वडील घर सोडून गेले आणि १८११ च्या अखेरीस आई रिचमंड येथे मरण पावली. जॉन अ‍ॅलन या तेथील व्यापाऱ्याने पोरक्या मुलाला घरी नेले, आपले आडनावही दिले. परंतु विधिवत दत्तक मात्र कधीच घेतले नाही. १८२६ साली पो व्हर्जिनिया विद्यापीठात दाखल झाला. घरून येणारा पैसा अपुरा, त्यात जुगाराचे कर्ज. वर्षाच्या आतच शिक्षण सुटले. १८२७ मध्ये खोटे नाव व खोटे वय सांगून तो सैन्यात शिरला. पुढे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून १८३१ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. त्यानंतर लेखणीखेरीज उपजीविकेचे साधन उरले नाही.

हे साधन किती तोकडे होते, हे समजण्यासाठी त्या काळच्या ग्रंथव्यवसायाकडे पाहिले पाहिजे. परकी लेखकांना अमेरिकेत स्वामित्वहक्काचे संरक्षण १८९१ पर्यंत नव्हते. इंग्लंडमधील गाजलेल्या कादंबऱ्या एक छदामही न देता छापता येत असताना देशी लेखकाला मानधन कोण देणार? त्यामुळे देशी लेखकाला नियतकालिकांचा आधार घ्यावा लागे, आणि नियतकालिकाला हवी असे एका बैठकीत संपणारी कथा. पोने या अडचणीतूनच आपले कलातत्त्व घडविले. कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातील प्रत्येक वाक्य एकाच परिणामाकडे नेणारे असावे, हा सिद्धांत त्याने १८४२ मध्ये हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना मांडला.

त्याआधी, १८४१ साली, फिलाडेल्फियाच्या ‘ग्रॅहॅम्स मॅगझीन’मध्ये वर्षाला ८०० डॉलर पगारावर संपादकाचे काम करीत असताना, त्याने ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ लिहून हेरकथेचा पाया घातला होता. तेथे बुद्धिमान द्यूपँ वाचकाला सत्यापर्यंत हात धरून नेतो. १८४३ मधील ‘द टेल-टेल हार्ट’मध्ये तो हात सुटला. आपण वेडे नाही हे पटवून देण्यासाठी निवेदक खुनाची पूर्वतयारी किती शिस्तीने केली ते सांगतो, आणि जितके अधिक सांगतो तितका अधिक वेडा ठरतो. १८४६ मधील ‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’ याहून थंड आहे. माँट्रेसॉर आपल्या परिचिताला भिंतीआड जिवंत चिणतो. तळघरातील दमट हवा बाधेल, परत फिरू या, असे तोच पुन्हा पुन्हा सुचवितो. मद्याची पारख प्रतिस्पर्ध्याकडूनही करून घेता येईल म्हणतो. आणि अहंकार डिवचला गेलेला परिचित आपल्याच पायांनी मरणाकडे चालत जातो. हा सूड ज्या अपमानांसाठी घेतला, त्यांपैकी एकही निवेदक नेमका सांगत नाही. हे वाचकाच्या ध्यानी येते, तेव्हा आपणही त्या गोड बोलण्यामागून तळघरात उतरलो होतो, हे त्याला उमगते. अशा कथांची मोहिनी येथेच आहे. त्या वाचकाला फसवितात, परंतु फसवणूक ओळखण्याची साधनेही त्याच्या हाती ठेवतात.

प्रत्यक्ष जीवनात ही साधने सहजी हाती येत नाहीत. पत्नी व्हर्जिनिया १८४७ मध्ये क्षयाने वारली. ३ ऑक्टोबर १८४९ रोजी पो बाल्टिमोरमध्ये मतदान केंद्र असलेल्या एका मद्यगृहापाशी विपन्नावस्थेत आढळला आणि ७ तारखेला वयाच्या ४० व्या वर्षी निवर्तला. मृत्यूचे कारण अद्याप निश्चित झालेले नाही. दोनच दिवसांनी ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये ‘लुडविग’ या टोपणनावाने एक मृत्युलेख आला. लेखक होता रूफस ग्रिसवोल्ड, पोचा जुना प्रतिस्पर्धी. पोच्या समग्र वाङ्मयाचे संपादनही त्याच्याच हाती गेले, आणि १८५० मध्ये जोडलेल्या चरित्रात त्याने पोला दुर्वर्तनी व कृतघ्न ठरविले. पुराव्यादाखल त्याने पोची पत्रेही छापली. ग्रॅहॅम आणि सारा हेलन व्हिटमन यांनी पोच्या बाजूने लिहिले, तरी त्या चित्राची पकड सुटली नाही. १९४१ मध्ये आर्थर हॉब्सन क्विन या अभ्यासकाने उपलब्ध मूळ पत्रे छापील मजकुराशी ताडून पाहिली, तेव्हा त्या नकला अस्सलबरहुकूम नव्हत्या, ग्रिसवोल्डने त्यांत पदरची वाक्ये घुसडली होती, हे सिद्ध झाले. एका माणसाच्या अब्रूचा हिशेब तपासला जाण्यास ९१ वर्षे लागली.

तथापि पोला निष्पाप ठरविणेही योग्य होणार नाही. त्याचे मद्यपान ही बनावट गोष्ट नव्हती. १८४१ मध्ये त्याने याच ग्रिसवोल्डला आत्मवृत्ताचे टिपण पाठविले, त्यात जन्मसाल १८११ असे चुकीचे दिले आणि ग्रीसच्या स्वातंत्र्यलढ्यासाठी निघून सेंट पीटर्सबर्गला पोहोचल्याची कपोलकल्पित हकीकतही घातली. स्वतःच्या आयुष्याचा तोही विश्वासार्ह साक्षीदार नव्हता.

म्हणूनच पोच्या कथांकडे केवळ करमणूक म्हणून पाहता येत नाही. वर्तमानपत्रातील वृत्तांत, पुढाऱ्याचे आत्मचरित्र, कार्यालयातील अहवाल या सर्वांमागे एक निवेदक असतो आणि त्याचा काही हेतू असतो. तो काय सांगतो याबरोबरच काय गाळतो, हे पाहण्याची सवय पोची आठ-दहा पानांची कथा लावते. ती सवय त्याच्या समकालीनांनी त्याच्या मृत्युलेखाला लावली असती, तर मृत पोला न्यायासाठी क्विनची वाट पाहावी लागली नसती.