प्रोफेसर हायरम बिंगहॅम व इंकांचीं रानांतील नगरें

सन १८१९ च्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेंतील बॉस्टन बंदरांतून एक जहाज हवाई बेटांकडे निघालें. त्यावर अमेरिकन बोर्डानें पाठविलेले कांहीं तरुण मिशनरी होते. त्यांपैकीं एकाचें नांव हायरम बिंगहॅम. याच बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ सालीं मुंबईस येऊन पोहोंचले होते, व आपल्या मराठी मिशनचा पाया तेव्हांच घातला गेला, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. हवाईस गेलेल्या बिंगहॅम यांनीं तेथील भाषा लिहिण्याची पद्धत बसविण्याच्या व तींत पवित्र शास्त्र आणण्याच्या कामीं मोठा भाग घेतला. त्यांच्या मुलाचेंही नांव हायरमच. ते त्याहून दूर गिल्बर्ट बेटांत गेले. तेथील बोली त्यांनीं प्रथम कागदावर उतरविली आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचें त्या भाषेंत भाषांतर केलें. ज्या तिसऱ्या हायरम बिंगहॅम यांचें चरित्र आम्ही येथें देत आहों, ते या आजोबांचे नातू व या वडिलांचे चिरंजीव होत.

त्यांचा जन्म ता. १९ नोव्हेंबर १८७५ रोजीं होनोलुलू शहरीं झाला. घरांत पैसा थोडा व शिस्त कडक. मुलानेंही आजा व बाप यांच्याच वाटेनें जावें ही आईबापांची इच्छा. मुलाचें मन मात्र बंदरावरील जहाजांकडे लागलेलें. आपली शिल्लक गोळा करून कॅलिफोर्नियाच्या जहाजांत बसून पळून जाण्याचा बेत त्यानें लहानपणीं एकदां केला होता. जहाज सुटण्यास विलंब लागला म्हणून तो फसला, अशी हकीकत आहे. ज्या पुनाहाऊ शाळेंत तो शिकला, तिची जमीन पूर्वीं त्याच्या आजोबांसच देणगी मिळालेली होती. तेव्हां वर्गांत बसलें तरी आजोबांची सावली सुटत नसे!

पुढें ते येल विद्यापीठांत गेले व १८९८ सालीं पदवीधर झाले. होनोलुलूस परत आल्यावर त्यांनीं एका मिशन-मंदिराचें काम पत्करलें खरें. परंतु जुन्या मतांविषयीं मनांत शंका उत्पन्न झाल्या होत्या, आणि थोडक्याच महिन्यांत त्यांनीं तें काम सोडलें. वृद्ध आईबापांस केवढें दुःख झालें असेल तें सांगावयास नको. आमच्या वाचकांतही अशीं घरें आहेत कीं जेथें बापानें आंखलेल्या रेषेवर मुलाचें पाऊल पडत नाहीं. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, मनांत नसतां व्यासपीठावर उभें राहण्यापेक्षां बिंगहॅम यांनीं केलें तें अधिक प्रामाणिकपणाचें होतें.

त्यानंतर कॅलिफोर्निया व हार्वर्ड येथें त्यांनीं इतिहासाचा अभ्यास केला. १९०० सालीं त्यांचा विवाह एका मोठ्या धनिक घराण्यांतील कन्येशीं झाला, त्यामुळें प्रवासाच्या खर्चाची चिंता बरीच हलकी झाली. १९०५ सालीं हार्वर्डची डॉक्टर ही पदवी मिळाली व १९०७ पासून ते येल येथें दक्षिण अमेरिकेचा इतिहास शिकवूं लागले. पुस्तकांत वाचलेला मुलूख पायांखालीं घातल्यावांचून त्यांस चैन पडत नसे. बोलिव्हार या स्वातंत्र्यवीराच्या फौजेचा मार्ग शोधीत ते व्हेनेझुएलांतून कोलंबियांत खेंचरांवरून गेले. १९०८ च्या अखेरीस चिली देशांतील सान्तियागो येथें शास्त्रीय परिषद भरली, तिला ते प्रतिनिधि म्हणून गेले, आणि परततांना पेरू देशांत त्यांच्या आयुष्याला नवें वळण लागलें.

तो १९०९ चा फेब्रुवारी महिना. आपल्याकडे तेव्हां ऊन तापूं लागतें. परंतु विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील त्या डोंगरांत तो ऐन पावसाळा. कुझको या इंकांच्या जुन्या राजधानीहून निघून बिंगहॅम व त्यांचा एक मित्र आबांकाय गांवीं आले. तेथील प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडील कलेक्टरासारखा अधिकारी, त्यांच्या मागेंच लागला कीं, आपण चोकेकिराओचे अवशेष पाहिलेच पाहिजेत. चोकेकिराओ म्हणजे सोन्याचा पाळणा. त्या नांवामुळें तेथें इंकांचें धन पुरलेलें आहे असें सर्वांस वाटे. आपण पुराणवस्तूंचे जाणकार नाहीं, हें बिंगहॅम यांनीं परोपरीनें सांगून पाहिलें. पण डॉक्टर पदवी धारण करणाऱ्या मनुष्यास प्राचीन वास्तूंचें ज्ञान नाहीं ही गोष्ट त्या गृहस्थास खरीच वाटेना. शेवटीं यजमानाचें मन मोडूं नये म्हणून ते निघाले.

आपुरिमाक नदीची दरी म्हणजे पृथ्वीला पडलेली एक भयंकर चीर आहे. वाट नागमोडी, एका अंगास कडा व दुसऱ्या अंगास पोकळी. खालीं पुरानें गर्जणारी नदी. तीवर धन शोधणाऱ्या मंडळीनें तारायंत्राच्या तारांचा एक झुलता पूल बांधला होता. लांबी सुमारें पावणेतीनशें फूट व रुंदी तीन फुटांहूनही कमी. पहिला दोर पलीकडे नेण्यास कोणी धजेना, तेव्हां त्या डोंगरांत तीस वर्षें फेरीचा धंदा करणारा एक म्हातारा चिनी पुढें झाला व दोर घेऊन त्या ओघांतून पार गेला. बिंगहॅम यांनीं ही गोष्ट आपल्या प्रवासवर्णनांत नमूद केली आहे. त्या म्हाताऱ्याचें नांव मात्र आपणांस मिळत नाहीं. पूल ओलांडल्यावर पुन्हा चढ. कोठें कोठें हातापायांवर रांगत ते वर पोहोंचले. मेघांच्या वर डोंगराच्या खांद्यावर ओसाड नगर पसरलेलें! धनाच्या लोभानें कित्येक भिंती सुरुंगांनीं उडविलेल्या होत्या.

काय करावें हें बिंगहॅम यांस प्रथम कळेना. परंतु खोगिराच्या पिशवींत लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचें प्रवाशांकरितां लिहिलेलें एक पुस्तक होतें. अशा ठिकाणीं मोजमापें घ्यावीं, नकाशे काढावे व फोटो घ्यावे असें त्यांत सांगितलेलें. त्याप्रमाणें त्यांनीं केलें. तेथें पूर्वीं येऊन गेलेल्यांनीं आपलीं नांवें कोरून ठेवलीं होतीं; त्यांत १८३४ सालचीं होतीं व त्यानंतरचींही होतीं. बिंगहॅम यांनीं तीं सालांसह उतरून घेतलीं आणि पुढें छापून प्रसिद्ध केलीं. आपल्या आधीं कोण आलें होतें हें त्यांनीं लपविलें नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण तिची आठवण आम्ही पुढें करून देणार आहों.

चोकेकिराओ हीच इंकांची शेवटची राजधानी अशी तेव्हांची समजूत होती. स्पॅनिश लोकांनीं १५३३ सालीं आताहुआल्पा राजास ठार मारल्यावर मांको इंका यानें १५३६ त बंड केलें, व त्यांत यश न आल्यामुळें तो व्हिल्काबांबाच्या दुर्गम डोंगरांत शिरला. तेथें त्याच्या वंशानें १५७२ पर्यंत राज्य केलें. त्या सालीं शेवटचा इंका तुपाक आमारू याचा कुझकोच्या चौकांत शिरच्छेद झाला. ही राजधानी होती कोठें? लिमा येथील एका इतिहासकारानें बिंगहॅम यांस कलांचा नांवाच्या साधूनें लिहिलेला व १६३८ त छापलेला इतिहास दाखविला. त्यांत दोन मिशनरी साधूंची कथा होती. व्हिटकोस नगराजवळ पाण्याच्या झऱ्यावर एक मोठी पांढरी शिळा होती व लोक तिची पूजा करीत. साधूंनीं तेथील देऊळ जाळलें. एकास देशाबाहेर घालविण्यांत आलें व दुसऱ्यास पुढें हाल करून मारण्यांत आलें. त्या साधूच्या धैर्यापुढें आम्ही मस्तक नमवितों. परंतु दुसऱ्याचें देऊळ जाळून शुभवर्तमान अंतःकरणांत शिरतें असें आम्हांस वाटत नाहीं. आश्चर्य हें कीं, ज्यांनीं तें स्थान जाळलें त्यांच्याच कथेमुळें त्याचा ठावठिकाणा साडेतीनशें वर्षांनीं लागला.

१९११ सालीं येल विद्यापीठाची मोहीम निघाली. बिंगहॅम प्रमुख, बरोबर भूगोलज्ञ, वैद्य, नकाशे काढणारे मिळून सहा सोबती. कुझकोच्या विद्यापीठाचे प्रमुख गीसेक यांनीं उरुबांबा नदीच्या दरींतील एका शेतकऱ्याची माहिती दिली होती. ता. २३ जुलै रोजीं मंडळीनें त्याच शेतकऱ्याच्या, म्हणजे मेल्चोर आर्तेआगा याच्या झोंपडीजवळ तळ दिला. समोरच्या डोंगरावर अवशेष आहेत असें तो म्हणाला. दुसरे दिवशीं सकाळीं रिमझिम पाऊस पडत होता. एका सोबत्यास फुलपांखरें पकडावयाचीं होतीं, दुसऱ्यास कपडे धुवावयाचे होते. कोणीही वर येण्यास राजी नव्हतें. आर्तेआगासही चढावें असें वाटेना, तेव्हां त्यास एक सोल, म्हणजे त्या भागांतील रोजमुऱ्याच्या तिप्पट-चौपट रक्कम, देऊं केली. पेरू सरकारनें दिलेला शिपाई सार्जंट कार्रास्को तिसरा.

नदीवर चार लांकडें वेलींनीं बांधून पूल केलेला. आर्तेआगा व कार्रास्को जोडे काढून पायाच्या बोटांनीं लांकूड धरीत पार झाले. आमचे प्रोफेसर मात्र हातापायांवर, एका वेळीं वीतभर सरकत, कसेबसे पलीकडे गेले! पुढें तासाहून अधिक वेळ उभा चढ. माथ्याजवळ रिचार्ते व आल्व्हारेझ या दोन शेतकऱ्यांचीं कुटुंबें राहत होतीं. त्यांनीं थंडगार पाणी व उकडलेलीं रताळीं देऊन पाहुण्यांचा आदर केला. आर्तेआगा गप्पांत रमला, व वाट दाखविण्यास एक लहान मुलगा पुढें झाला. प्रथम जुन्या दगडी ताली दिसल्या. कांहींत मका पेरलेला होता. मग रानांत शिरल्यावर झाडोऱ्यांतून व शेवाळांतून पांढऱ्या ग्रॅनाइटच्या भिंती दिसूं लागल्या. चुना नाहीं, माती नाहीं, पण दगडास दगड असा जुळलेला कीं सांधा ओळखूं येऊं नये. मग एक मंदिर, आणि त्याजवळ तीन भव्य खिडक्यांचें दुसरें. हेंच समुद्रसपाटीपासून सुमारें ८,००० फूट उंचीवरील माचू पिक्चू होय.

त्यांतील एका भिंतीवर कोळशानें लिहिलेलें होतें : लिसारागा, १९०२. आगुस्तिन लिसारागा हा त्याच दरींत राहणारा शेतकरी. तोच या नगराचा शोधक असें बिंगहॅम यांनीं त्या वेळीं खिशांतील वहींत टिपून ठेवलें, आणि आरंभीच्या लेखनांत त्याचा उल्लेखही केला. परंतु १९४८ सालीं त्यांचा जो सर्वांत लोकप्रिय ग्रंथ निघाला, त्यांत या नांवास जागा राहिली नाहीं. ज्यांनीं चोकेकिराओ येथील परक्यांचीं नांवें जपून उतरून घेतलीं, त्यांच्याकडूनच हें घडलें. १९१२ त लिसारागा नदींत बुडून वारला होता. तक्रार करण्यास तो नव्हताच. वाट दाखविणारा मुलगा तर त्या ग्रंथांत केवळ एक लहान मुलगा म्हणूनच येतो. बिंगहॅम यांचे श्रम आम्ही कमी लेखीत नाहीं. तें नगर मोजलें, त्याचे फोटो घेतले, जगापुढें मांडलें तें त्यांनींच. परंतु जेथें शेतकऱ्यांच्या कुटुंबांतलीं पोरें खेळत होतीं, तें स्थळ आपण प्रथम पाहिलें असें जगास समजूं देणें निराळें.

त्या दिवशीं तेथें ते कांहीं तासच होते. लगेच पुढें कूच करून ऑगस्टांत त्यांनीं व्हिटकोस व ती झऱ्यावरील पांढरी शिळा शोधून काढली, आणि दाट अरण्यांतील एस्पिरितु पांपापर्यंत मजल मारली. त्याच वर्षीं कोरोपुना हें वीस हजार फुटांहून उंच, बर्फाच्छादित शिखरही ते चढले. १९१२ च्या मोहिमेंत माचू पिक्चूवरील रान तोडून साफ केलें, व १९१३ च्या एप्रिलांत नॅशनल जिऑग्राफिक मासिकाचा सबंध अंक त्यास वाहिलेला निघाला. माचू पिक्चू हीच शेवटची राजधानी व्हिल्काबांबा, या मताला मात्र ते अखेरपर्यंत चिकटून राहिले. तें चूक ठरलें. खरी राजधानी एस्पिरितु पांपाच होती, हें १९६४ पासून झालेल्या संशोधनानें स्पष्ट झालें. रानाच्या गर्दीनें तिचा विस्तार दिसला नाहीं, म्हणून हातीं आलेली वस्तु ते सोडून आले होते! माचू पिक्चू हें पाचाकुती या थोर इंका राजानें पंधराव्या शतकांत वसविलेलें निवासस्थान होय, असें आज विद्वान् मानतात.

उत्खननांत निघालेल्या वस्तु येल येथें नेल्या होत्या. १९१४-१५ च्या तिसऱ्या मोहिमेच्या वेळीं बिंगहॅम गुप्तपणें सोनें नेतात असा कुझको येथें बोभाटा झाला, आणि १९१५ त त्यांनीं तो देश सोडला. सोन्याची गोष्ट खोटी होती. पण वस्तु परत द्याव्या ही पेरूची मागणी न्याय्य होती, असें आमचें मत आहे. त्या २०११ व २०१२ सालीं परत गेल्या व आज कुझको येथील संग्रहालयांत आहेत.

उत्तर आयुष्य थोडक्यांत सांगतों. पहिल्या महायुद्धांत ते विमान चालविण्यास शिकले व फ्रान्समध्यें वैमानिकांच्या मोठ्या शाळेचे प्रमुख झाले. मग राजकारण. १९२५ च्या जानेवारींत ते कनेक्टिकटचे गव्हर्नर झाले, पण एकच दिवस. कारण सेनेटमध्यें निवड झाल्यामुळें ते लागलीच वॉशिंग्टनला गेले. कारखानदारांच्या संघाच्या नोकरास सरकारी पगारावर घेऊन जकातीच्या गुप्त बैठकींत बसविल्याबद्दल १९२९ सालीं सेनेटनें त्यांचा जाहीर निषेध केला, व १९३२ च्या निवडणुकींत त्यांचा पराभव झाला.

१९४८ सालीं माचू पिक्चूवर नवा मोटाररस्ता झाला. त्यास बिंगहॅम यांचें नांव देण्यांत आलें व उद्घाटनास ते बहात्तराव्या वर्षीं हजर राहिले. ज्या चढावर ते पावसांत रांगले होते, तेथें मोटार वर जातांना त्यांनीं पाहिली. ता. ६ जून १९५६ रोजीं वॉशिंग्टन येथें त्यांचा अंत झाला.

चोकेकिराओस अद्याप मोटार जात नाहीं. आपुरिमाकच्या दरींत उतरून, पूल ओलांडून, पलीकडचा डोंगर चढावा लागतो. जाऊन येण्यास चार दिवस तरी हवेत.