विष्णु दिगंबर आणि मुंबईचा बाजार

गवयास शाल, श्रीफळ आणि टाळ्या देण्यांत आपला समाज कधीं मागें राहिलेला नाहीं. परंतु महिना संपल्यावर त्याच गवयाच्या घराचें भाडें कोठून येतें, ही चौकशी कोणी करीत नाहीं. बारा-पंधरा वर्षें तालीम घेतलेला गायक आजहि मुंबईच्या उपनगरांत घरोघर शिकवण्या करून दिवस काढतांना दिसतो, आणि मैफलीचें बोलावणें आलें तर मानधनाचा आंकडा विचारण्याची त्यास चोरी होते. हा प्रश्न आजचा नव्हे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं तो याच शहरांत सोडवून पाहिला, आणि त्या यत्नांत त्यांच्या विद्यालयाची वास्तु लिलांवांत गेली. त्यांच्या गायनाची व देशभक्तीची स्तुति पुष्कळ झाली आहे. आम्हांस आज त्यांच्या जमाखर्चाकडे पाहावयाचें आहे. आणि आमच्या वाचकांत पेढीवर बसणारे पुष्कळ असल्यामुळें त्यांस हा भाग लौकर उमगेल.

पंडितजींचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजीं कुरुंदवाड येथें झाला. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार. लहानपणीं दारूकामाच्या अपघातांत विष्णूच्या डोळ्यांस इजा झाली, दृष्टि अधू झाली, आणि शाळेचा अभ्यास सुटला. डोळे शाबूत असते तर हा मुलगा कोठें तरी कारकुनी करीत राहिला असता, असें म्हणण्यास हरकत नाहीं. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयानें तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाताखालीं गेला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत रुजविण्याचें श्रेय ज्यांस दिलें जातें, ते हे बुवा. त्यांच्याजवळ सुमारें नऊ वर्षें कठोर मेहनत झाली.

मिरज सोडण्यास काय निमित्त झालें याविषयीं एक हकीकत सांगतात. एका समारंभास विष्णु दिगंबरांस दरबारच्या लोभामुळें आमंत्रण आलें. मात्र ज्या गुरूंपाशीं ते शिकत होते त्यांस आलें नाहीं, कारण ते पडले गवई. हकीकतींतील बारकावे कसेहि असोत, त्या काळीं गवयाची पायरी कोठें होती हें तीवरून कळतें. दरबारीं गवयाचें पोट भरे, पण त्याचें पान निराळ्या पंगतींत मांडलें जाई. १८९६ सालीं विष्णु दिगंबर मिरजेंतून बाहेर पडले ते आश्रयदाता बदलण्यासाठीं नव्हे. त्यांस आश्रयाची ती पद्धतच नको होती.

मग गवयानें खावें काय? येथें पंडितजींनीं जें केलें तें त्या वेळच्या गुणीजनांस धाष्टर्याचें वाटलें असल्यास नवल नाहीं. सौराष्ट्रांतील प्रवासांत त्यांनीं तिकीट लावून जाहीर मैफल केली. देवळांत किंवा राजवाड्यांत गाणारा गवई आतां चार आण्यांच्या गिऱ्हाइकासमोर बसणार, यांत कित्येकांस विद्येची विटंबना दिसली असेल. आम्हांस उलट वाटतें. ज्याच्या हातीं तिकीट आहे तो श्रोता गवयास उठ-बस म्हणूं शकत नाहीं; ठरलेल्या वेळीं ठरलेल्या जागीं त्यास मुकाट्यानें ऐकावें लागतें. व्यवहार चोख झाला म्हणजे मान आपोआप येतो, हें कोणत्याहि दुकानदारास सांगावें लागत नाहीं.

पुढें उत्तरेकडील बराच मुलूख फिरून त्यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. राजाच्या देणगीवर न विसंबतां लोकांच्या वर्गणीवर व विद्यार्थ्यांच्या फीवर गाण्याची शाळा चालवावयाची, ही कल्पनाच नवी होती. आरंभीं विद्यार्थी येईनात, तेव्हां पंडितजी शाळेच्या वेळांत तंबोरा घेऊन एकटेच रियाज करीत बसत, असें सांगतात. हळूहळू शाळेनें मूळ धरलें. स्वरलिपि ठरली, क्रमिक पुस्तकें निघालीं, परीक्षा सुरू झाल्या. घराण्याच्या कोठींत कुलुपबंद असलेली विद्या वेळापत्रकांत बसली. तीमुळें गाण्यांतलें कांहीं मुरलेंपण गेलें, अशी तक्रार जाणकार अजून करितात, आणि ती अगदींच खोटी नाहीं.

१९०८ सालीं विद्यालय मुंबईंत आलें. गाण्याच्या धंद्यास मुंबई त्यापूर्वींच ओळखीची झाली होती. पारशी गृहस्थांनीं १८७० सालीं गायन उत्तेजक मंडळी काढली होती. उत्तर हिंदुस्थानांतून आलेले छज्जूखाँ, नझीरखाँ व खादिम हुसेनखाँ हे बंधु भेंडीबाजारांत राहून नांव कमावीत होते. संस्थानें आटूं लागलीं तसतसे गवई शेटजींच्या शहराकडे वळूं लागले. १९२२ सालीं शाहू महाराज निवर्तल्यावर खुद्द अल्लादियाखाँसाहेबांनाहि कोल्हापुराहून मुंबईस यावें लागलें. परंतु शेटजींचा दिवाणखाना हा दरबाराचाच धाकटा भाऊ. तेथें गवयाचें पोट एका घराच्या मर्जीवर अवलंबून राही. ती मर्जी फिरली कीं दुसरा जिना शोधावा लागे.

पंडितजींनीं जिने चढण्याचें नाकारलें. सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची इमारत उठली. तेथें वर्ग भरत, वाद्यें तयार करण्याचा व दुरुस्तीचा कारखाना होता, पुस्तकें छापण्यास छापखाना होता, स्त्रियांच्या शिक्षणाची सोय होती. कुलीन घरांतील मुलीनें गाणें शिकणें ज्या काळीं निंद्य समजत, त्या काळीं मुंबईच्या मध्यमवर्गानें आपल्या मुली या विद्यालयांत पाठविल्या, याचें कारण तेथील शिस्त व पंडितजींचें निष्कलंक वर्तन. ही कामगिरी लहान नव्हे.

परंतु विद्यालयाचा खरा प्राण होता उपदेशक वर्ग. गरीब घरांतील होतकरू मुलें नऊ वर्षांच्या करारानें ठेवून घ्यावयाचीं. त्यांस विद्या, जेवण व राहणें विनामूल्य द्यावयाचें. आणि तयार झाल्यावर त्यांनीं गांवोगांव शाळा चालवावयाच्या, अशी ती योजना. भडोचकडच्या एका पारशी शेटजींच्या मदतीनें याच वर्गांत आलेला एक मुलगा पुढें ओंकारनाथ ठाकूर म्हणून गाजला. १९१६ सालीं लाहोरच्या विद्यालयाचा कारभार त्याच्यावर सोंपविण्यांत आला. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हे सारे याच परंपरेंतले.

आतां हिशेब पाहा. फी भरणारे विद्यार्थी संध्याकाळचे घटका-दोन घटका येणार, आणि फी ती थोडी. ज्यांच्यावर सर्वांत अधिक खर्च, त्यांच्याकडून एक पैहि नाहीं. सरकारी मदतीचा भरवसा नाहीं. संस्थानिकांची चाकरी स्वतःच सोडलेली. वर इमारतीचें कर्ज. कर्जाचें व्याज दरमहा चालतें; गाण्याचा हंगाम मात्र चालत नाहीं. १९१४ नंतरच्या महायुद्धांत महागाई वाढली, पण शिकवणीचे दर कांहीं त्या मानानें वाढत नाहींत. ही तूट भरून काढण्यास एकच मार्ग उरला, तो म्हणजे पंडितजींनीं स्वतः गांवोगांव फिरून मैफली करावयाच्या व मिळालेला पैसा मुंबईस धाडावयाचा. म्हणजे इतक्या माणसांचें छत्र एका गळ्यावर टांगलेलें! तो गळा बसला किंवा त्या माणसाचें मन दुसरीकडे लागलें, तर पुढें काय?

तसेंच झालें. पंडितजींचें चित्त उत्तरोत्तर रामभक्तीकडे वळलें. भगवीं वस्त्रें आलीं, रामकथा सुरू झाल्या. कर्ज फिटेना. अखेर १९२४ सालीं धनकोंनीं मुंबईची इमारत लिलांवांत काढली. त्याच्या आदल्याच वर्षीं काकिनाडा येथील राष्ट्रसभेच्या अधिवेशनांत, खुद्द अध्यक्षांची हरकत असतांहि, पंडितजींनीं वंदे मातरम् पूर्ण म्हटलें होतें. तें ऐकणाऱ्या हजारों लोकांपैकीं एकेकानें एकेक रुपया काढिला असता तर काय झालें असतें, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं.

धनकोंस आम्ही दोष देत नाहीं. पैसा देणाऱ्यानें तो परत मागूं नये असें कोणी म्हणणार नाहीं. पंडितजींचा जमाखर्च कच्चा होता, इमारतीचा हव्यास मोठा होता, आणि सारें एकहातीं ठेवण्याची त्यांची रीत संस्थेस मारक ठरली, हेंहि स्पष्ट बोललें पाहिजे. पण ज्या शहरानें आपल्या मुलामुलींस तेथें शिकविलें, त्या शहरांतील धनिकांस एक विश्वस्तमंडळ नेमून तें कर्ज वांटून घेणें अशक्य होतें काय? धर्मशाळा, पाणपोया व पांजरपोळ यांस मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं हात आंखडला नाहीं. गाण्याची शाळा त्या यादींत बसली नाहीं, इतकेंच.

पंडितजी नाशकास रामनामांत राहूं लागले. त्यांनीं बसविलेली रामधून १९३० च्या दांडीयात्रेंत देशभर पोंचली. २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेस त्यांचा अंत झाला. मागें दहा वर्षांचा मुलगा, दत्तात्रेय. त्यास विनायकराव व नारायणराव यांनीं तयार केलें, आणि तोहि १९५५ सालीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं गेला.

शिष्यांनीं आपापली सोय लाविली ती निरनिराळ्या वाटांनीं. विनायकरावांनीं दहा वर्षें गंधर्व नाटक मंडळींत भूमिका केल्या, आणि १९३२ सालीं पुण्यास विद्यालय काढिलें. नारायणराव व्यासांस ग्रामोफोनच्या तबकड्यांनीं घरोघर पोंचविलें. देवधरांनीं १९२५ सालीं मुंबईंतच शाळा काढिली, ती बेतानें चालविली, आणि ती टिकली. गुरूच्या निधनाच्याच वर्षीं शिष्यमंडळींनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. त्याच्या परीक्षांस आज देशभर विद्यार्थी बसतात. परीक्षेची फी ठरलेली असते व ती मुदतींत भरावी लागते. त्या परीक्षेस मूल तयार करणाऱ्या शिक्षकाचा मे महिन्याचा पगार मात्र, सुटींत मूल गांवीं गेलें या सबबीवर, पुष्कळ घरीं कापून घेतात.