फ्ल्यूच्या मागावर निघालेला बुरशीचा संशोधक

पिंपरीत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी पेनिसिलीनचे जनक सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी जगाचा निरोप घेतला. ज्या बुरशीने त्यांना अमर केले, तिचा पहिला व्यवहारी उपयोग त्यांनी इन्फ्लुएन्झाच्या संशोधनात केला होता, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात फ्लेमिंग यांचा जन्म झाला. लंडनमध्ये एका जहाज कंपनीत कारकुनी करत असताना काकांचा वारसा हाती आला आणि ते वैद्यकाकडे वळले. सेंट मेरीज रुग्णालयात आल्मरॉथ राइट यांच्या लसविभागात त्यांचे सारे आयुष्य गेले.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये जखमांतील जंतुसंसर्गाचा अभ्यास करीत होते. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली. आपल्याकडे हीच साथ मानमोडी म्हणून ओळखली गेली. फायफर यांनी वर्णिलेला जिवाणू हाच रोगाचे मूळ, असे तेव्हा बहुतेक तज्ज्ञ मानीत. हा जिवाणू वाढवण्यासाठी सोपी माध्यमे कोणती, यावर फ्लेमिंग यांनी १९१९ मध्ये निबंध लिहिला.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीहून परतल्यावर त्यांना एका काचबशीत बुरशी आलेली दिसली; तिच्याभोवतीचे जंतू विरघळले होते. पुढील वर्षीच्या निबंधाच्या शीर्षकातच इन्फ्लुएन्झाच्या जिवाणूचा उल्लेख आहे. कारण साधे होते. बुरशीचा रस इतर जंतूंना रोखी, पण या जिवाणूला नाही. त्यामुळे घशातील नमुन्यातून तो नेमका वेगळा काढता येई. तो रस रोगग्रस्त प्राण्यांना टोचून पाहण्याचा प्रयोग मात्र त्यांनी केला नाही. त्यांच्या कारकिर्दीतील ही मोठीच उणीव म्हणावी लागेल. ते काम ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी १९४० मध्ये केले.

दरम्यान १९३३ मध्ये लंडनमध्येच स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसातील फ्ल्यूचा विषाणू शोधून काढला. फायफरचा जिवाणू मूळ गुन्हेगार नव्हता. पेनिसिलीन विषाणूपुढे निष्प्रभ ठरते. फ्ल्यूनंतर जिवाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियात मात्र त्याने असंख्य प्राण वाचवले. बुरशीवर्गातून फ्ल्यूवर औषध मिळवण्याचा ध्यास पुढेही राहिला. १९७० च्या सुमारास जपानी संशोधकांना शिताके अळिंबीच्या बीजाणूंच्या अर्काने उंदरांचे फ्ल्यूपासून रक्षण होताना दिसले. माणसासाठी सिद्ध औषध त्यातून हाती आलेले नाही.

फ्लोरी व चेन यांच्यासह १९४५ चे नोबेल स्वीकारताना फ्लेमिंग यांनी अपुऱ्या मात्रेमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतील, असा इशारा दिला. ११ मार्च १९५५ रोजी लंडन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्यांच्या अस्थी विसावल्या आहेत.