गायनाचार्य विष्णु दिगंबर

कुरुंदवाड संस्थानात १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील दिगंबरबुवा हे कीर्तनकार होते. त्यामुळे टाळमृदंगाचे सूर बालपणापासूनच त्यांच्या कानी पडत. परंतु एका दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूने त्यांच्या डोळ्यांना जबर इजा झाली. दृष्टी अधू झाली, शाळेचा अभ्यास दुरावला. आता या मुलाचे पुढे कसे व्हायचे, ही चिंता आईवडिलांस पडली. मुलाचा गळा मात्र गोड होता. म्हणून त्यांस मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गायन शिकण्यास पाठविण्यात आले.

तेथे त्यांनी अनेक वर्षे कठोर मेहनत केली. त्या काळी गाणे शिकणे फार बिकट होते. शिष्याने गुरूच्या घरी राहावे, पडेल ते काम करावे आणि गुरूच्या मर्जीप्रमाणे जे कानी पडेल ते टिपून घ्यावे, अशी रीत होती. पुस्तक नाही, ठरलेला पाठ नाही. शंका विचारण्याचे धैर्य तर क्वचितच कोणास होई. शिवाय गवयाला समाजात मान नव्हता. आपले मूल गवई व्हावे, असे घरंदाज माणसांस वाटत नसे. ही स्थिती पालटण्याचा निश्चय करून १८९६ साली विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली. गावोगाव जाहीर जलसे करीत ते थेट पंजाबात पोहोचले.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. आरंभीचे काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही, असे सांगतात. तरीही बुवा नेमाने तंबोरा घेऊन बसत. हळूहळू मुले येऊ लागली.

पहिला सूर लावताना मुलाचा आवाज कापतो, लोक हसतील या भीतीने गळा दाटतो. ही भीती नुसत्या उपदेशाने जात नाही. बुवांनी शिकवण्याची पद्धतच बदलली. सोप्याकडून कठीणाकडे जाणारा क्रम त्यांनी आखला. स्वर लिहिण्याची लिपी तयार केली आणि 'संगीत बालप्रकाश', 'संगीत बालबोध' यांसारखी पुस्तके रचली. आता विसरलेला पाठ घरी पुन्हा पाहता येई. एकट्याने गाण्यास बुजणारे मूल समूहात गाऊ लागे. समारंभांत विद्यार्थ्यांस लोकांपुढे गाण्याची संधी मिळे. परीक्षा होत, पदव्या दिल्या जात. मुलींसाठीही वर्ग निघाले. गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची व राहण्याची सोय विद्यालय करी.

१९०८ साली बुवांनी मुंबईत विद्यालय काढले. तेथे भडोचहून ओंकारनाथ ठाकूर नावाचा एक निर्धन मुलगा आला. त्याची तयारी पाहून १९१६ साली बुवांनी त्याच्यावर लाहोरच्या विद्यालयाची धुरा सोपविली. त्या वेळी त्याचे वय वीस वर्षांचेही नव्हते! गुरूने टाकलेला हा विश्वास त्याने सार्थ केला व पुढे तो थोर गायक म्हणून विख्यात झाला. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हेही त्याच छत्राखाली वाढले.

मुंबईतील इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटले नाही व ती वास्तू लिलावात गेली. डोळ्यांपुढेही अंधार दाटला. तरीही बुवा खचले नाहीत. नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात राहून त्यांनी आपले कार्य चालूच ठेवले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले.

आज खानदेशात बोदवडसारख्या गावातले एखादे मूल या मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेस बसते, तेव्हा प्रथम त्याची छाती धडधडते. परंतु पाठ ठरलेला असतो, सराव झालेला असतो. पहिला षड्ज स्थिर लागतो आणि भीती ओसरते. अधू दृष्टीच्या त्या गुरूने दाखविलेली वाट अशी आजही मुलांच्या उपयोगी पडत आहे.