फ्रँक हॉर्नबी

फ्रँक हॉर्नबी (१५ मे, १८६३ - २१ सप्टेंबर, १९३६) हे इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील संशोधक, खेळण्यांचे कारखानदार आणि ब्रिटिश संसदेचे सदस्य होते. मेकॅनो हा धातूच्या पट्ट्यांचा जोडणी-संच, हॉर्नबी रेल्वे ही छोट्या आगगाड्यांची मालिका आणि डिंकी टॉईज ही ओतीव धातूच्या छोट्या मोटारींची मालिका ही त्यांच्या कंपनीची प्रमुख उत्पादने होत. मोटारींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती बनवण्याचा, जमवण्याचा आणि त्यांवर बारीकसारीक तपशील चढवण्याचा जो छंद आज जगभर आढळतो, त्याची पायाभरणी करणाऱ्यांमध्ये हॉर्नबी यांची गणना होते. विशेष म्हणजे त्यांनी अभियांत्रिकीचे कोणतेही औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते.

सुरुवातीचे जीवन

हॉर्नबी यांचा जन्म लिव्हरपूलमधील कॉपरस हिल या भागात झाला. त्यांचे वडील जॉन ओस्वाल्ड हॉर्नबी हे किराणा व खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. आईचे नाव मार्था. शाळेत फ्रँक यांचे मन फारसे रमले नाही. वयाच्या १६ व्या वर्षी शाळा सोडून ते वडिलांच्या व्यवसायात रोखपाल म्हणून काम करू लागले. स्वावलंबनाने मोठ्या झालेल्या संशोधकांची चरित्रे सांगणारी सॅम्युअल स्माइल्स यांची पुस्तके त्यांनी लहानपणीच वाचली होती. त्या प्रभावाखाली आपणही काही यंत्र शोधून काढावे अशी इच्छा त्यांच्या मनात निर्माण झाली, मात्र त्या वयातील त्यांचे प्रयोग यशस्वी झाले नाहीत.

१८८७ साली त्यांचा विवाह क्लारा वॉकर गॉडफ्रॉय या शिक्षिकेशी झाला. या दांपत्याला रोलंड व डग्लस हे दोन मुलगे आणि पॅट्रिशिया ही मुलगी झाली. १८९९ साली वडिलांच्या निधनानंतर घरचा व्यवसाय बंद पडला. त्यानंतर हॉर्नबी यांनी डेव्हिड ह्यू इलियट या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून नोकरी धरली.

मेकॅनोचा शोध

हॉर्नबी आपल्या मुलांसाठी घरच्या छोट्या कार्यशाळेत पत्रा कापून पूल, यारी, गाड्या अशी खेळणी तयार करत असत. प्रत्येक खेळण्यासाठी नवे भाग घडवावे लागत. खेळणे जुने झाले की ते भाग वाया जात. भाग सुटे आणि परस्परांच्या जागी बसणारे असतील, तर एका खेळण्याचे साहित्य मोडून त्यातून दुसरे खेळणे उभे करता येईल, हा विचार त्यांना सुचला. पुढे लिहिलेल्या आठवणींत त्यांनी या विचाराचा संबंध एका रेल्वेप्रवासाशी आणि यारीच्या रचनेशी जोडला आहे.

या विचाराला व्यवहारात उतरवणारी गोष्ट म्हणजे एक ठरलेले माप. हॉर्नबी यांच्या पट्ट्या अर्धा इंच रुंद होत्या आणि त्यांवर दर अर्ध्या इंचावर एक छिद्र होते. छिद्रांमधील अंतर सर्वत्र सारखे असल्यामुळे कोणतीही पट्टी दुसऱ्या कोणत्याही पट्टीला नट व बोल्टने जोडता येई. त्याच छिद्रांतून दांडा ओवला की तो आस म्हणून काम करी. त्यामुळे चाके, कप्प्या आणि दंतचक्रे बसवून चालती यंत्रे तयार करणे शक्य झाले.

पेटंटसाठी लागणारी रक्कम हॉर्नबी यांच्याकडे नव्हती. मालक इलियट यांच्याकडून ५ पौंड उसने घेऊन त्यांनी जानेवारी १९०१ मध्ये अर्ज केला आणि त्याच वर्षी पेटंट मंजूर झाले. इलियट या उद्योगात भागीदार झाले व त्यांनी आपल्या कचेरीलगतची जागाही दिली. १९०२ साली हा संच 'मेकॅनिक्स मेड इझी' या नावाने बाजारात आला. त्यात १६ प्रकारचे भाग आणि १२ प्रतिकृती कशा जोडाव्यात हे दाखवणारे एक पत्रक होते. सुरुवातीच्या संचांची बनावट ओबडधोबड होती आणि विक्री मंद होती. लिव्हरपूल विद्यापीठातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेन्री सेल्बी हेले-शॉ यांनी या कल्पनेची दिलेली शिफारस त्या काळात हॉर्नबी यांना उपयोगी पडली.

१९०७ साली हॉर्नबी यांनी 'मेकॅनो' हे नाव नोंदवले आणि नोकरी सोडून पूर्ण वेळ या उद्योगाला दिला. १९०८ साली मेकॅनो लिमिटेड या कंपनीची स्थापना झाली. इलियट यांनी नव्या कंपनीत सहभागी न होण्याचे ठरवले, त्यामुळे मालकी एकट्या हॉर्नबी यांच्याकडे आली. १९१४ साली लिव्हरपूलमधील बिन्स रोड येथे कंपनीचा मोठा कारखाना सुरू झाला. पुढील सहा दशकांहून अधिक काळ कंपनीचा कारभार येथूनच चालला.

मेकॅनोची नक्कल करणारे संच अनेक देशांत निघाले. अमेरिकेत हॉर्नबी यांच्या कंपनीला त्याविरुद्ध न्यायालयात जावे लागले आणि १९१६ साली ओहायो येथील न्यायालयात निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

मेकॅनो आणि मोटारगाडी

१९१६ साली सुरू झालेल्या 'मेकॅनो मॅगझिन' या नियतकालिकातून आणि कंपनीच्या पत्रकांतून मोठ्या प्रतिकृतींचे आराखडे प्रसिद्ध होत. त्यांपैकी मोटारीच्या सांगाड्याची प्रतिकृती विशेष गाजली. तिच्यात गिअरपेटी व डिफरन्शियल हे भाग प्रत्यक्ष काम करत. वळणावर मोटारीचे बाहेरचे मागचे चाक आतल्या चाकापेक्षा जलद फिरावे लागते. हे कसे घडते ते या सांगाड्यात उघड्या दंतचक्रांवरून दिसत असे. खऱ्या मोटारीखाली वाकून पाहण्याची संधी न मिळणाऱ्या मुलाला हे ज्ञान टेबलावर मिळाले.

१९३० च्या दशकाच्या प्रारंभी कंपनीने केवळ मोटारींसाठी वेगळे जोडणी-संच काढले. त्यांत पुढचा भाग, मागचा भाग, बैठका, रेडिएटर, चाकांवरील पाखे असे घडवलेले रंगीत भाग आणि किल्लीने चालणारे यंत्र असे. भाग बदलून एकाच संचातून शर्यतीची गाडी, उघडी सहलीची गाडी अथवा बंद गाडी जोडता येई. आजच्या मोटार-प्रतिकृतींच्या जोडणी-संचांचे हे एक आरंभीचे रूप होय.

आगगाड्या आणि १:४३ हे प्रमाण

१९२० साली कंपनीने किल्लीवर चालणारी पहिली हॉर्नबी आगगाडी बाजारात आणली. तीही मेकॅनोप्रमाणे नट-बोल्टने जोडलेली असून सुटी करता येत असे. ही गाडी ओ गेज या मापाच्या, म्हणजे ३२ मिलिमीटर अंतर असलेल्या रुळांवर धावे. १९२५ साली विजेवर चालणारी गाडी आली.

ब्रिटनमध्ये ओ गेजच्या प्रतिकृती करताना खऱ्या वस्तूच्या एका फुटासाठी ७ मिलिमीटर धरण्याची पद्धत होती. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर असल्याने प्रतिकृती मूळ वस्तूच्या सुमारे ४३ पट लहान होते. या आगगाड्यांच्या स्थानकाबाहेर उभ्या करण्यासाठी केलेल्या मोटारीही साधारण याच मापाच्या ठेवण्यात आल्या. १:४३ हे प्रमाण मोटार-प्रतिकृतींच्या जगात आजही रूढ आहे, त्याचे मूळ येथे आहे.

या प्रमाणाची कल्पना यावी म्हणून काही उदाहरणे देता येतील. सुमारे ४.३ मीटर लांबीची ॲम्बॅसिडर मोटार १:४३ प्रमाणात १० सेंटिमीटरची होते. साडेपाच फूट उंचीचा माणूस चार सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी उंचीचा होतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर याच प्रमाणात करावयाचे झाल्यास ४२ मीटर व्यासाचे मैदान लागेल. मोटारीचे बाह्यांग ४३ पट लहान करून दिव्यांची काच किंवा दाराची मूठ डोळ्यांच्या अंदाजाने केली, तर प्रतिकृती चटकन खोटी वाटू लागते. म्हणून सर्व भागांना एकच भाजक लावणे हा या छंदाचा पहिला नियम मानला जातो.

डिंकी टॉईज

१९३१ च्या सुमारास कंपनीने आगगाडीच्या देखाव्यासाठी 'मॉडेल्ड मिनिएचर्स' या नावाने स्थानकावरील कर्मचारी, प्रवासी इत्यादींच्या छोट्या मूर्ती काढल्या. १९३३ च्या अखेरीस या मालिकेत २२ क्रमांकाचा वाहनांचा संच आला. त्यात दोन मोटारी, एक मालमोटार, एक व्हॅन, एक ट्रॅक्टर आणि एक रणगाडा अशी सहा वाहने होती. १९३४ साली या मालिकेला 'डिंकी टॉईज' हे नाव मिळाले. नीटस किंवा सुबक या अर्थाच्या एका स्कॉटिश शब्दाशी या नावाचा संबंध जोडला जातो. शिकागो येथे तयार होणाऱ्या टूटसीटॉय या छोट्या मोटारी त्यापूर्वीच लोकप्रिय झाल्या होत्या. डिंकी टॉईजवर त्यांचा प्रभाव असल्याचे मानले जाते.

१९३४ च्या २४ क्रमांकाच्या मालिकेत सांगाडा आणि बाह्यांग वेगळे ओतलेले होते, त्यामुळे एकाच धर्तीच्या सांगाड्यावर रुग्णवाहिका, लिमोझीन, कूपे अशी निरनिराळी रूपे चढवता आली. म्हणजे मेकॅनोमागचे परस्परांच्या जागी बसणाऱ्या भागांचे तत्त्व येथे कारखान्यातच वापरले गेले. या आरंभीच्या मोटारी कोणत्याही एका कंपनीच्या गाडीची नक्कल नव्हत्या. १९३५ साली क्रायस्लर एअरफ्लो, रोल्स-रॉइस, डेमलर आणि व्हॉक्सहॉल या खऱ्या गाड्यांची नावे धारण करणारी मालिका आली. तेव्हापासून 'एखादी मोटार' आणि 'तीच मोटार' यांतील फरक मुलांच्या खेळात महत्त्वाचा ठरू लागला.

धातूचा दोष

डिंकी टॉईजसाठी मुख्यतः जस्ताचा मिश्रधातू वापरला जाई. वितळलेला धातू पोलादी साच्यात दाबाने भरला जात असल्याने रेडिएटरच्या पट्ट्या आणि दारांच्या कडा यांसारखे तपशील स्पष्ट उमटत. मात्र या मिश्रधातूला जस्त अतिशय शुद्ध लागते. त्यात शिशाचा थोडासा अंश मिसळला तरी काही वर्षांनी धातूच्या कणांमधील सांध्यांवर गंज चढू लागतो. प्रतिकृती फुगते, वाकते, तिला भेगा पडतात आणि शेवटी तिचे तुकडे होतात. दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने घडते. तिच्यावर कोणताही उपाय नाही, केवळ कोरड्या व स्थिर तापमानाच्या जागी ठेवून तिची गती कमी करता येते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक डिंकी मोटारी या दोषामुळे नष्ट झाल्या आहेत. त्यामुळे जुन्या प्रतिकृतींची डागडुजी हा संग्राहकांमध्ये वादाचा विषय झाला आहे. एका मतानुसार मूळ रंग, मूळ टायर आणि झालेली झीज हाच त्या वस्तूचा इतिहास असून तो पुसू नये. दुसऱ्या मतानुसार मोडकळीस आलेली प्रतिकृती रंग काढून, नवे टायर व चिन्हे बसवून पुन्हा उभी करणे हेच हॉर्नबी यांच्या मूळ कल्पनेला धरून आहे. पुनर्रंगित प्रतिकृती मूळ म्हणून विकली जाऊ नये, याबाबत मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आढळते.

संसद सदस्यत्व आणि अखेरची वर्षे

१९३१ च्या निवडणुकीत हॉर्नबी हे हुजूर पक्षातर्फे लिव्हरपूलमधील एव्हर्टन मतदारसंघातून हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून आले. या काळात कंपनीचा दैनंदिन कारभार इतर संचालकांकडे होता. प्रकृती बिघडल्यामुळे १९३५ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. हृदयविकार आणि मधुमेह यांमुळे २१ सप्टेंबर, १९३६ रोजी वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लिव्हरपूलजवळील मॅघल या गावी, जेथे त्यांचे वास्तव्य होते, तेथील सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्यानंतर मुलगा रोलंड याने कंपनीचे अध्यक्षपद सांभाळले.

मूल्यमापन

हॉर्नबी यांनी आपले संच प्रामुख्याने मुलग्यांसाठी मानले. जाहिराती आणि खोक्यांवरील चित्रे यांत यंत्र जोडणारी मुलगी क्वचितच दिसते. याउलट बिन्स रोडच्या कारखान्यात जुळणी, रंगकाम आणि बांधणी करणाऱ्या कामगारांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी होती. यंत्रज्ञान शिकवणारे खेळणे निम्म्या मुलांपर्यंत पोहोचवण्याचा विचारच झाला नाही, ही त्यांच्या कार्याची मर्यादा मानावी लागते.

शिक्षणाच्या दृष्टीने मेकॅनोचे महत्त्व मोठे आहे. १९३४ साली मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोच्या भागांपासून विकल समीकरणे सोडवणारे यंत्र उभे केले. हॉर्नबी यांच्या हयातीतच त्यांच्या खेळण्याने प्रयोगशाळेत जागा मिळवली होती.

वारसा

१९३८ साली हॉर्नबी डब्लो ही आणखी लहान मापाच्या आगगाड्यांची मालिका आली. महायुद्धानंतर डिंकी टॉईजना लेझ्नी कंपनीच्या मॅचबॉक्स आणि १९५६ पासून कॉर्गी टॉईज या मालिकांशी स्पर्धा करावी लागली. कॉर्गीने मोटारींना पारदर्शक खिडक्या बसवल्या, तर लेझ्नीने १९५६ साली 'मॉडेल्स ऑफ यस्टरइयर' ही खास जुन्या वाहनांची मालिका काढली. या स्पर्धेमुळे उघडणारी दारे, आतील बैठका, स्प्रिंगवरील चाके असे तपशील वाढत गेले आणि मोठ्या माणसांचा संग्राहकवर्ग तयार झाला. १९६४ साली मेकॅनो कंपनी लाइन्स ब्रदर्स या उद्योगसमूहाकडे गेली. पुढे ती एअरफिक्सच्या ताब्यात आली आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखाना बंद झाला.

डिंकीचे काही जुने साचे भारतात आले आणि त्यांपासून १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कोलकाता येथे 'निकी टॉईज' या नावाने मोटारी तयार झाल्या. महाराष्ट्रातील शहरी घरांमध्ये धातूच्या पट्ट्या व नट-बोल्ट असलेल्या कोणत्याही संचाला मेकॅनो म्हणण्याची पद्धत पडली. एका हिशेबनिसाने मुलांसाठी शोधलेल्या खेळण्याचे नाव अशा रीतीने मराठीत सामान्यनाम म्हणून रुळले.