सगळ्यांनी नाक मुरडलेली दुर्बीण जेम्स कीलरनं दुरुस्त केली आणि आकाशात लाखभर तेजोमेघ असल्याचं कळलं

आजच्या मोटरवाल्या दुर्बिणीच्या गिअरमधून घरघर यायला लागली की हौशी आकाशनिरीक्षकाच्या पोटात गोळा येतो. कारण आवाज जिथून येतो, बऱ्याचदा फोटोही तिथूनच बिघडतो. सव्वाशे वर्षांपूर्वी मोटर नव्हती. खाली सरकणाऱ्या वजनावर चालणारं घड्याळयंत्र दुर्बीण फिरवायचं. दुखणं मात्र हेच होतं, आणि एका माणसानं ते मनावर घेतलं.

त्याचं नाव जेम्स कीलर. जन्म १८५७ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. वडील यादवी युद्धात ‘मॉनिटर’ या गाजलेल्या लोखंडी युद्धनौकेवर होते. पुढं कुटुंब फ्लोरिडात गेलं. तिथं पोरानं लेन्स मागवून घरीच छोटी दुर्बीण बनवली.

१८९५ मध्ये कीलरचं नाव झालं. शनीच्या कड्यांचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा वेगानं फिरतो हे त्यानं वर्णपटातून दाखवलं. म्हणजे कडी अखंड तबकडी नाहीत, तो असंख्य तुकड्यांचा थवा आहे.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेला एक दुर्बीण भेट मिळाली. अँड्र्यू कॉमन यांनी १८७९ मध्ये इंग्लंडमध्ये उभारलेली, ३६ इंची आरशाची. हॅलिफॅक्सच्या एडवर्ड क्रॉस्ले यांनी ती कॉमनकडून विकत घेऊन पुढं लिकला दिली, म्हणून नाव पडलं क्रॉस्ले. आरसा चांगला, पण सांगाडा कुरकुरणारा. वेधशाळेतल्या लोकांना ती नकोशी झाली. तिच्यावर कुणी काम करायचं यावरून भांडणं पेटली आणि १८९७ मध्ये संचालकांनाच जावं लागलं.

१८९८ मध्ये कीलर संचालक झाला. लिकची जगप्रसिद्ध मोठी भिंगाची दुर्बीण तो स्वतःकडे ठेवू शकला असता. ती त्यानं सहकाऱ्याला दिली आणि नकोशी क्रॉस्ले आपल्याकडे घेतली.

आता अडचण काय होती ते बघा. पृथ्वी फिरते, म्हणून तारे तासाला १५ अंश सरकतात. दुर्बिणीनं त्याच वेगानं मागं जायचं असतं. त्यासाठी तिचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर लागतो, म्हणजे त्याचा कल त्या गावाच्या अक्षांशाइतका. हॅलिफॅक्स सुमारे ५४ अंशांवर, लिक सुमारे ३७ वर. त्यामुळं बैठकीचा कलच बदलायला हवा होता.

बिघाड कुठं आहे, हे फोटोच सांगतो. तारा एकाच दिशेनं हळूहळू सरकला तर आस चुकलाय. ठरावीक वेळानं पुढं-मागं डोलला तर गिअरच्या स्क्रूत दोष आहे. अचानक उडी मारली तर दातांत ढिलाई किंवा तोल बिघडलाय.

कीलरनं एकेक गोष्ट हातात घेतली. आस नीट लावून घेतला, घड्याळयंत्र सुधारून घेतलं. तरीही राहिलेली चूक हातानं काढायची होती. फोटोच्या काचेशेजारी एक नेत्रिका असायची. तिच्यात एक तारा धरून ठेवायचा आणि तो हलला की स्क्रू फिरवून काच सरकवायची. एकेका फोटोला हे तासन् तास चालायचं, कधी चार तास.

निकाल थक्क करणारा होता. ज्या तेजोमेघाचा फोटो काढावा, त्याच्या आजूबाजूला आणखी बारीक तेजोमेघ दिसायचे. त्यावरून कीलरनं अंदाज बांधला की ही दुर्बीण १,२०,००० तेजोमेघ टिपू शकेल, आणि त्यातले निम्म्याहून जास्त चक्राकार असतील. तोवर चक्राकार तेजोमेघ म्हणजे मोजकी नवलाई वाटत होती.

ते नेमके काय आहेत, हे कळायला कीलर उरला नाही. १२ ऑगस्ट १९०० ला पक्षाघाताच्या झटक्यानं तो गेला. वय अवघं ४२. १९२० च्या दशकात एडविन हबल यांनी दाखवलं की ते तेजोमेघ म्हणजे आपल्यासारख्याच स्वतंत्र आकाशगंगा आहेत.

कीलरच्या अस्थी पिट्सबर्गच्या अॅलेगेनी वेधशाळेत, त्याच्याच नावाच्या दुर्बिणीखाली ठेवल्यात.