आजोबांच्या नावाचा घोडा

गोडदेवहून चालत भाईंदर स्थानकात आलेल्या माणसापुढे दोन दिशा असतात. दक्षिणेकडे जाणाऱ्या धीम्या लोकलमध्ये बसले तर महालक्ष्मी लागते आणि स्थानकाच्या पश्चिमेला रेसकोर्सचे हिरवे मैदान पसरलेले असते. उत्तरेकडची गाडी खाडीवरचा पूल ओलांडून वसई, वलसाड करीत बडोद्याला जाते. १८६४ साली मुंबई आणि बडोदे या रुळांनी जोडली गेली, तेव्हा कंपनीच्या नावातच बडोदे होते. जुनी मंडळी या रेल्वेला बीबीसीआय म्हणत, त्यातला दुसरा ‘बी’ बडोद्याचा. या लोहमार्गावरून एका बाजूला राजवाडा आणि दुसऱ्या बाजूला घोड्यांची शर्यत असे आयुष्य जगलेला एक मराठी राजा होऊन गेला. प्रतापसिंहराव गायकवाड हे त्याचे नाव.

हे नाव आज सहसा निघत नाही. निघते ते आजोबांचे, महाराजा सयाजीरावांचे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा शेतकरी कुटुंबातला मुलगा १८७५ साली दत्तक घेऊन गादीवर बसवला गेला आणि त्याने सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण साऱ्या संस्थानात लागू करून दाखवले. ते शाळेत सर्वांनी वाचलेले असते. प्रतापसिंहरावांच्या वाट्याला मात्र घोड्यांचा शौकीन महाराज एवढेच वर्णन येते. पण गंमत अशी, की शर्यतीच्या जगात साऱ्या युरोपने सयाजीराव हे नाव ऐकले ते या नातवामुळे, आणि ते नाव धारण करणारा होता एक घोडा. पुढे घोटाळा नको म्हणून आजोबांना महाराज म्हणू आणि सयाजीराव हे नाव घोड्यालाच ठेवू.

प्रतापसिंहरावांचा जन्म २९ जून १९०८ चा. वडील युवराज फत्तेसिंहराव त्याच वर्षी वारले, तेव्हा मूल जेमतेम अडीच महिन्यांचे होते. बाप नसलेला मुलगा आणि कर्तबगार, शिस्तीचा आजोबा! अशा घरात नातू एकतर आजोबांसारखा होतो किंवा अगदी उलटा. प्रतापसिंहराव थोडे थोडे दोन्ही झाले. फेब्रुवारी १९३९ मध्ये महाराज गेले आणि हे गादीवर आले. युद्धकाळात ब्रिटिश विमानदलाची एक लढाऊ तुकडी बडोद्याचे नाव लावून उडत होती. पहिली पत्नी शांतादेवी असताना आणि संस्थानात द्विभार्याप्रतिबंधक कायदा लागू असताना त्यांनी १९४३ साली सीतादेवींशी दुसरे लग्न केले. प्रजेला कायदा आणि राजाला सवलत हे लोकांना खटकले, आणि खटकायलाच हवे होते.

त्याच १९४३ साली महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी धावली. जिंकली ती प्रिन्सेस ब्युटिफुल नावाची घोडी. मालक बडोद्याचे महाराज, जॉकी एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन. त्याच वर्षी बंगालमध्ये माणसे अन्नावाचून मरत होती. शर्यतीचा इतिहास लिहिणारे ही दोन वाक्ये शेजारी ठेवत नाहीत, पण साल एकच आहे.

युद्ध संपता संपता प्रतापसिंहरावांचे लक्ष इंग्लंडकडे वळले. तिथे दांते नावाच्या घोड्याने १९४५ ची डर्बी जिंकली होती. हा दांते वर्षाचा असताना लिलावात उभा केला होता, पण साडेतीन हजार गिनी ही किमान किंमतही आली नाही म्हणून मालकाने परत नेला. डर्बीनंतर त्याच आईबापांचे धाकटे शिंगरू न्यूमार्केटच्या लिलावात आले, तेव्हा प्रतापसिंहरावांनी २८ हजार गिनींना ते घेतले. थोरल्याच्या नाकारलेल्या किमतीच्या बरोबर आठपट! ब्रिटनच्या लिलावात तोवर कोणत्याही वर्षाच्या शिंगराला एवढी किंमत आली नव्हती. गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणून हे झाले २९,४०० पौंड. त्या वेळच्या दराने ३ लाख ९२ हजार रुपये. शिंगराचे नाव ठेवले सयाजीराव.

इथे एक हिशेब करण्याचा मोह आवरत नाही. १९१३ साली महाराजांनी एका तरुणाला अमेरिकेत शिकायला पाठवले होते. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. एकूण ४१४ पौंड. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. पौंडाची किंमत तीस वर्षांत घसरली होती हे मान्य करूनही, आकड्याला आकडा लावला तर त्या एका शिंगराच्या किमतीत अशा ७१ शिष्यवृत्त्या बसतात.

आता घोड्याकडे वळू. सयाजीरावचा बाप नेआर्को हा इटलीत जन्मलेला, चौदा शर्यती धावून चौदाही जिंकलेला. युद्धात बॉम्ब पडू लागले तेव्हा न्यूमार्केटला त्याच्यासाठी स्वतंत्र हवाईहल्ला-निवारा बांधला होता. घोड्यासाठी! पण अजिंक्य घोड्याचे असे लाड होतात ते प्रेमापोटी थोडे आणि त्याच्या वंशाला येणाऱ्या किमतीपोटी जास्त. सख्खा भाऊ दांते याची कथा उलटी आहे. गिनीज शर्यतीच्या आधी त्याच्या डोळ्याला सूज आली, त्या शर्यतीत तो मानेच्या अंतराने हरला, पुढे डर्बी जिंकला आणि नंतर आंधळा झाला. आजच्यासारखी तपासणीची यंत्रे त्या काळी नव्हती. पायात दुखणे आहे का, हे पायावरून हात फिरवून आणि गरमपणा पाहूनच कळायचे. खरारा करणाऱ्या मोतद्दाराच्या तळहाताला जे कळे तेच निदान. आपल्याकडे पागेत आणि तिकडे न्यूमार्केटला, घोड्याचे पहिले वैद्य तेच. चंदी कोणी खाल्ली आणि कोणी उष्टावून ठेवली, एवढ्यावरून ती माणसे घोड्याचा दिवस ओळखत. विजेत्यांच्या यादीत मालक येतो, ट्रेनर येतो, जॉकी येतो. मोतद्दाराचे नाव कुठेच नसते.

सयाजीरावसाठी प्रतापसिंहरावांनी न्यूमार्केटचे वॉरन प्लेस हे घर तबेल्यासकट विकत घेतले, सॅम आर्मस्ट्राँग यांना ट्रेनर नेमले आणि महालक्ष्मीचा एडगर ब्रिट तिकडे आणला. १९४७ साल उजाडले. गिनीजच्या एक मैलाच्या शर्यतीत ट्युडर मिन्स्ट्रेल नावाचा घोडा तब्बल आठ लांब्यांनी जिंकला. सयाजीराव तिसरा आला. महिन्याभराने दीड मैलाची डर्बी झाली. साऱ्या इंग्लंडने ट्युडर मिन्स्ट्रेलवर पैसे लावले होते. तो चौथा आला. त्याच्या पुढे तिसरा होता सयाजीराव. दुसरा आलेला मिगोली हा आगाखानांचा घोडा, म्हणजे मुंबईला ओळखीचे आणखी एक नाव. मग सयाजीरावने आयरिश डर्बी जिंकली. सप्टेंबरात, भारत स्वतंत्र होऊन महिना उलटत नाही तोच, डाँकास्टरला सेंट लेजर झाली. पावणेदोन मैलांहून जास्त धाव, आणि शेवटी एका डोक्याच्या अंतराने सयाजीराव पुढे. इंग्लंडच्या पाच मानाच्या शर्यतींपैकी ही सगळ्यात जुनी. ती जिंकणाऱ्या घोड्यावर एका मराठी राजाचे नाव होते, आणि ज्या घरात ते नाव जन्मले त्या घराचे राज्य आता मोजक्या महिन्यांचे सोबती होते.

पुढल्या वर्षी प्रतापसिंहरावांच्याच माय बाबूने गिनीज जिंकली. वेळ १ मिनिट ३५.८ सेकंद, त्या शर्यतीतला तोवरचा विक्रम. घोड्यांच्या शौकिनांत अखंड चालणारा वाद इथे उभा राहतो. कोणत्या काळचा घोडा श्रेष्ठ? महालक्ष्मीच्या कठड्याशी जुने लोक स्क्वॉन्डरर मोठा की इल्युसिव्ह पिंपर्नेल यावर संध्याकाळ घालवतात. तिकडे इंग्लंडातही तेच. घड्याळावर विसंबावे, तर २०११ साली फ्रँकेलने हीच गिनीज १ मिनिट ३७.३० सेकंदांत जिंकली, म्हणजे माय बाबूपेक्षा दीड सेकंद सावकाश. पण फ्रँकेलपेक्षा माय बाबू मोठा, असे बडोद्यातही कोणी म्हणणार नाही. जमीन कोरडी की ओली, वारा पुढून की मागून, आधीच्या टप्प्यात धाव कशी पडली, यांवर घड्याळ नाचते. शिवाय १९६५ पर्यंत ब्रिटनमध्ये सुटताना आजच्यासारखे पिंजरे नव्हते. ताणलेल्या पट्ट्यांमागे घोडे उभे करायचे, आणि ज्याचे तोंड वळलेले त्याचे नशीब फिरलेले.

म्हणून जाणकार वजनाची भाषा बोलतात. टाइमफॉर्म या संस्थेने घोड्यांना पौंडांत गुण द्यायला सुरुवात केली ती याच सुमारास. मैलाच्या शर्यतीत दोन पौंड म्हणजे साधारण एक लांबी, असा ढोबळ हिशेब. ट्युडर मिन्स्ट्रेलला त्यांनी १४४ दिले, सयाजीरावला १३२. फ्रँकेल २०१२ मध्ये निवृत्त झाला तो १४७ वर, सगळ्यांच्या वर. दुसरीकडे आंतरराष्ट्रीय मानांकनाने फ्रँकेलला १४० दिले, तेव्हा १९८६ चा डान्सिंग ब्रेव्ह १४१ वर बसला होता. मग काय झाले? जानेवारी २०१३ मध्ये जुन्या काळचे गुण सैल हाताने दिले गेले होते असे ठरवून डान्सिंग ब्रेव्हचे १३८ केले. बिचारा घोडा तेव्हा हयातही नव्हता. कारणे त्यांनी शास्त्रशुद्ध दिली आणि ती खोटी नव्हेत. पण निवृत्तीनंतर सव्वीस वर्षांनी एखाद्या खेळाडूच्या धावा कमी कराव्यात, तसे ते वाटतेच.

मला विचाराल तर १९४७ चेच उदाहरण पुरेसे आहे. बारा पौंडांनी भारी ठरवलेला ट्युडर मिन्स्ट्रेल मैलाला अजिंक्य होता. अंतर अर्ध्या मैलाने वाढले आणि हलका सयाजीराव त्याच्या पुढे गेला. दोघे एकाच वर्षी जन्मलेले, एकाच मैदानावर धावलेले. त्यांचीच तुलना अंतर बदलताच उलटते, तिथे साठ वर्षांच्या अंतरावरच्या घोड्यांचे काय? गायकवाडांचे पूर्वज पुणे जिल्ह्यातल्या दावडीचे. मराठ्यांचे घोडदळ ज्या भीमथडीच्या तट्टांवर मुलूख पालथा घालत होते ती तट्टे न्यूमार्केटला पहिल्या फर्लांगात मागे पडली असती. आणि सयाजीरावला मूठभर चंदीवर, कोरड्या पाल्यावर दररोज वीस कोस चालवले असते तर तो आठवडाभर तरी टिकता का?

वागणुकीचे मात्र थोडे मोजमाप करता येते. १९४७ मध्ये जॉकीचा चाबूक किती वेळा पडावा याला आजच्यासारखी मोजणी नव्हती. २०२३ पासून ब्रिटनमध्ये सपाट शर्यतीत सहाची मर्यादा आहे आणि चाबूक गादी लावलेला असतो. फ्रँकेल चौदाच शर्यती धावला आणि, नेआर्कोसारखाच, चौदाही जिंकून थांबला. पण हे सगळे विजेत्याचे. कधीच न जिंकलेल्या घोड्याचे मानांकन कोणी करीत नाही, आणि त्याचे पुढे काय झाले हे विचारणारेही थोडेच.

इकडे बडोद्यात हिशेब दुसराच निघाला. लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, जीवराज मेहता मुख्यमंत्री झाले आणि खजिन्यातून काढलेल्या मोठ्या रकमा उघड झाल्या. चौकशी झाली, रकमा परत करण्याचे प्रतापसिंहरावांना मान्य करावे लागले. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले. मात्र त्याच सुमारास, विलीनीकरणाच्या तोंडावर, महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले. त्यासाठी आजोबांच्या नावाचा विश्वस्त निधी नातवाने केला होता. पहिल्या कुलगुरूंपैकी हंसाबेन मेहता, पुढे कलाशाखेतून निघालेले चित्रकार, हे सारे त्या निधीवर उभे आहे. उधळ्या म्हणून त्यांना मोडीत काढणाऱ्याने हेही खात्यात धरायला हवे. तरीही एका हाताने विद्यापीठ दिले म्हणून दुसऱ्या हाताने खजिना रिकामा करणे क्षम्य होते, असे मला वाटत नाही. ते पैसे शेतसाऱ्याचे होते.

१९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची महाराजा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली आणि थोरले पुत्र फत्तेसिंहराव यांना दिली. प्रतापसिंहराव परदेशातच राहिले. १९५६ मध्ये सीतादेवींशी घटस्फोट झाला. इंग्लंडमधली पागाही मोडली. वॉरन प्लेस नोएल मरलेस यांच्याकडे गेले, त्यांच्यामागून जावई हेन्री सेसिल यांच्याकडे, आणि सेसिल यांनी तिथेच, बडोद्याच्या पैशाने एकेकाळी घेतलेल्या त्या जागेत, फ्रँकेल तयार केला. नेआर्कोचे रक्त फ्रँकेलमध्येही आहे. सयाजीराव त्याचा दूरचा भाऊबंदच.

सयाजीराव आयर्लंडमध्ये पैदाशीला ठेवला होता. त्याची मुलगी ग्लॅडनेस हिने १९५८ चा अ‍ॅस्कॉट गोल्ड कप जिंकला, मुलगा इंडियाना याने १९६४ मध्ये बापाचीच सेंट लेजर. घोडा १९६६ मध्ये मेला. माय बाबू अमेरिकेत केंटकीला गेला होता. तिथे झालेल्या त्याच्या एका घोडीचे नाव कोणी, कोण जाणे का, केरला ठेवले. केरलाचा मुलगा डमॅस्कस १९६७ मध्ये अमेरिकेचा त्या वर्षीचा सर्वश्रेष्ठ घोडा ठरला. प्रतापसिंहराव पुढल्या जुलैत, १९ तारखेला, लंडनमध्ये वारले. वय साठ वर्षे.